डबे संपेपर्यंत

दवाखान्यातून रुपीबाई बरी होऊन आली आणि तिच्यासोबत दुधाच्या भुकटीचे चौदा डबे आले. एक कागदही आला होता, त्यावर डॉक्टरची सही होती, पण उंबरीच्या तांड्यात कागद वाचतो कोण? तिच्या नवऱ्यानं, डोंगरसिंगानं, तो घडी घालून पत्र्याच्या पेटीत टाकला. डब्यांचं तसं नव्हतं. यवतमाळहून ते एसटीच्या टपावर आले, पुसदला उतरून बैलगाडीत चढले आणि चार कोसांच्या दगडी वाटेनं असे खडखडत आले, की गाडी नाल्यापाशी असतानाच बायामाणसं दारात येऊन उभी राहिली. बासष्ट सालचा पूस महिना होता. आठ महिन्यांपूर्वी क्षयानं खंगलेल्या रुपीबाईला ह्याच गाडीत निजवून नेलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती परत येईल असं तेव्हा कोणीच धरलं नव्हतं.

आली ती चांगली भरून आली. जाताना तिच्या दंडातल्या पांढऱ्या बांगड्या, बलिया, कोपरापर्यंत घसरून येत, म्हणून काढून ठेवल्या होत्या. आता त्या दंडात चढेनात. गाडीतून उतरून ती सरळ घराकडे निघाली. तिची सासू रामीबाई दारात उभी होती. तिनं सुनेला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, तोंडावर पाणी आलं म्हणाली, आणि हातानं कोठ्याकडे दाखवलं. कोठा म्हणजे गुरं बांधायची जागा. तिच्या एका अंगाला कुडाचा आडोसा करून बाज टाकली होती, आणि बाजेखाली ताट, लोटा, मडकं असं सगळं निराळं मांडून ठेवलं होतं.

सासू खाष्ट होती असं म्हणून मोकळं होता येईल, पण तसं नव्हतं हो. तांड्याची रीतच होती ती. भगताचा अंगारा म्हणा, वैद्याच्या काढ्याची पुडी म्हणा, आजाऱ्याच्या नावानं जे घरात आलं ते संपेपर्यंत आजाऱ्यानं चुलीपाशी जायचं नाही. दवा शिल्लक आहे म्हणजे दुखणं शिल्लक आहे, असा त्यातला विचार. दवा संपली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, चुलीला हात लावायचा आणि माणसांत बसायचं. रीत काही वाईट नव्हती. फक्त ती पाच दिवसांच्या अंगाऱ्यासाठी, फार तर पंधरा दिवसांच्या काढ्यासाठी घातलेली होती. चौदा डब्यांचा विचार जुन्या माणसांनी केलेला नव्हता.

"डबे सरले का घरात ये," रामीबाईनं त्याच दिवशी सांगितलं. "कोनी तुले नाई म्हननार नाई."

दवाखान्याचं सांगणं होतं की रोज एक पेला, आणि तसा एक डबा बारा दिवस पुरायचा. पावसाळ्यात तांड्याची वाट बंद पडते, म्हणून डॉक्टरनं दया करून सगळे डबे एकदमच दिले होते. रुपीबाईनं बोटांची पेरं मोजली. मृग लागेपर्यंत तिला बाजेवर राहायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं. चुलीपुढे बसून घरच्यांची भाकर टाकायची आणि त्यातलीच एक आपण खायची, एवढंच. वार्डात शेजारच्या खाटेवरची हलीमा रुपीबाईच्या पेल्यातून पाणी प्यायची, ही तिच्या पेल्यातून प्यायची, आणि दोघींना तेच दुखणं असून कोणाच्या मनात काही यायचं नाही. इथं ती बरी होती आणि सासू भाकर वरून टाकायची. भाकर ताटात पडली की पडल्याचा आवाज व्हायचा.

कामाला मात्र कोणाची ना नव्हती. शेवटची वेचणी चालू होती. तिला दोन ओळी सोडून तिसरी ओळ दिलेली असे, पण वेचलेला कापूस सगळ्यांच्या गाठोड्यात एक होऊन जाई. ती कोठ्यातलं शेण काढायची, गोवऱ्या थापायची. त्या गोवऱ्या वाळल्या की रामीबाई टोपलीत भरून न्यायची आणि त्यांच्यावरच घरातली भाकर भाजली जायची. हे रुपीबाईच्या ध्यानात आलं तेव्हा तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं पुढची गोवरी थापली.

पंधरा दिवसांनी तिनं ठरवलं की घाई करायची. रोज एकाऐवजी तीन पेले प्यायचे, म्हणजे सहा महिन्यांचे दोनच होतील. आंगणात तीन दगड मांडून तिची वेगळी चूल होती, तिच्यावर पाणी तापवून ती भुकटी घोटायची आणि श्वास न घेता पिऊन टाकायची. आठव्या दिवशी पोट बिघडलं. असं बिघडलं की लोटा घेऊन नाल्यापर्यंत पोचणं होईना. चार दिवसांत डोळे खोल गेले, गालफडं वर आली. रामीबाईनं दुरून पाहिलं आणि लेकाला म्हणाली की दुखणं गेलेलं नाही, अंगातच बसलं आहे. त्यानंतर भुकटीचा नुसता वास आला तरी रुपीबाईला ओकारी यायला लागली. तीन डबे संपले होते. अकरा कुडाजवळच्या फळीवर तसेच राहिले.

मग आली पंचाईत. प्यायचे नाहीत तर ह्या डब्यांचं करायचं काय?

शेजारच्या धनीबाईची पोर पाच महिन्यांची होती, हातापायांच्या काड्या. रुपीबाईनं एक डबा पदरानं पुसला आणि तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. झाकणाचा पत्रा फोडलेला नाही, आतल्याला वारासुद्धा लागलेला नाही, असं तिनं दोनदा सांगितलं. धनीबाई फार गोड बोलली. पोरीचं पुण्य म्हणाली, तब्येत कशी आहे विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कोठ्याच्या दाराशी उभा होता, आणि धनीबाईच्या ओट्यावर तो जिथं टेकला होता तेवढी वीतभर जागा ताज्या शेणानं सारवलेली होती. रुपीबाईनं डबा उचलून फळीवर ठेवला. धनीबाईशी भांडायला जावं, एवढाही जीव तिच्यात उरला नव्हता.

पुढच्या बाजाराला डोंगरसिंगानं दोन डबे पोत्यात घालून पुसदच्या दवाखान्यात परत न्यायचा घाट घातला. माणूस तसा मनानं वाईट नव्हता, पण आईपुढे त्याची जीभ उचलत नसे, आणि बायकोपुढेही फारशी नाही. कंपाउंडरनं डबे हातातही घेतले नाहीत. दवाखान्यातून एकदा गेलेला माल परत घ्यायची सोय नाही म्हणाला. बाईला पाजा, अंगी लागेल. बाहेर हाफिजचं चहाचं दुकान होतं. हाफिज आनंदानं घ्यायला तयार झाला, म्हणाला पावडरीचा चहा घट्ट होतो. पण तेवढ्यात डोंगरसिंगाच्या ध्यानात आलं की तांड्यातला झाडून प्रत्येक माणूस बाजाराच्या दिवशी ह्याच बाकावर बसून चहा पितो, आणि ह्या चहात काय आहे ते एखाद्याला कळलं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यानं पोतं खांद्यावर टाकलं आणि डबे घेऊन परत आला.

ओतून देता येत नव्हतं. भुकटी झाली तरी दूधच ते, आणि दूध भुईवर सांडलं की गाईच्या सडातून रक्त येतं हे तांड्यातल्या लहान पोरालाही माहीत. पुरता येत नव्हतं, नाल्यात सोडता येत नव्हतं. ते कोणाच्या तरी घशातूनच खाली जायला हवं होतं. सकाळी जाग आली की रुपीबाईचे डोळे आधी फळीवर जायचे. अकराच्या अकरा. हळूहळू तिला त्याचंही काही वाटेनासं झालं. उठायचं, शेण काढायचं, भाकर पडली की खायची.

होळी आली. तांड्यात होळीएवढा मोठा सण नाही. डफ घुमले, बायांनी रिंगण धरलं आणि लेंगीची गाणी सुरू झाली. रुपीबाई अंघोळ करून, धुतलेली कांचळी घालून रिंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. लेंगी ती चांगली म्हणायची, लग्न होऊन आली त्या वर्षी तर म्हाताऱ्या बायांनी तिला मधे उभं केलं होतं. रिंगण फिरत फिरत तिच्यापाशी आलं. समोरच्या दोघींनी एकमेकींचे हात जरा आवळून धरले आणि हसत पुढे सरकल्या. दुसऱ्या फेऱ्यालाही तेच झालं. तिसऱ्या फेऱ्याची तिनं वाट पाहिली नाही. बाजेवर येऊन तिनं कांचळीची गाठ सोडली, आणि लेंगीचे शब्द आपल्याला आठवतात का ते मनाशी पाहिलं. सगळे आठवत होते.

त्या उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ होती. आदल्या वर्षीच्या अवकाळी पावसानं गंजीतलं कुटार कुजलं होतं, गुरांच्या फासळ्या मोजून घ्याव्या अशी स्थिती. डोंगरसिंगाची धौळी गाय होळीनंतर पंधरा दिवसांनी व्याली. गोऱ्हा झाला, पांढराशुभ्र, उंच पायांचा. डोंगरसिंगाचा एक बैल म्हातारा झाला होता आणि जोड कुठून लावायची ह्या विचारानं तो दोन वर्षं झुरत होता, तेव्हा त्या ओल्या वासराला पाहून तो गडी लहान पोरासारखा हसला. तिसऱ्या दिवशी धौळीला ताप भरला. चौथ्या दिवशी ती आडवी झाली ती उठलीच नाही. डोंगरसिंगानं तिची शिंगं धरून तिला उठवायला पाहिलं, शेपूट मुरगाळलं, कानात हाका मारल्या. मग तो तिथंच बसला आणि रामीबाईनं धौळीच्या अंगावर फाटकं घोंगडं टाकलं.

तांड्यात दुसरी दुभती गाय नव्हती. धनीबाईच्या बकरीचं लोटाभर दूध एक दिवस मिळालं, दुसऱ्या दिवशी तिनं आपली पोर पुढे केली. तेही बरोबरच होतं. वासरू उभ्या उभ्या थरथरायचं आणि कुडाला तोंड लावून चोखायचं. कुडाच्या अलीकडे रुपीबाईची बाज होती.

डोंगरसिंग दुपारी कोठ्यात आला आणि दावणीच्या लाकडावर बसला. बराच वेळ दाव्याचा पीळ सोडून पुन्हा घालत राहिला. आडोशाच्या आत त्यानं पाहिलं नाही.

"त्या डब्यातलं वासराले चालन काय?"

"दूधच हाये," रुपीबाई म्हणाली.

"मानसाचं हाये न थे."

"मानसं त पेऊन नाई राह्यले. त्याले पेऊ द्या."

रामीबाईला विचारलं गेलं. ती म्हणाली, की माणसाचं दुखणं जनावराला लागत नाही, पाजायला हरकत नाही. रुपीबाईनं आडोशातून ते ऐकलं. डबे सरले का घरात ये, असं सासू म्हणाली होती. ते कोणी सारायचे हे म्हणाली नव्हती. वासरानं संपवलेले डबे चालतील का, हा सवाल रुपीबाईच्या अगदी ओठांपर्यंत आला. पण नाही म्हणाली तर? तिनं तो गिळला आणि पाणी तापत ठेवलं.

वासराला पेल्यानं पाजता येत नाही. भुकटी कोमट पाण्यात घोटून पातेल्यात घ्यायची, दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, आणि ते चोखायला लागलं की हात हळूहळू खाली नेत पातेल्यात बुडवायचा. पहिल्या दिवशी वासरानं अर्धं दूध शिंकरून तिच्या अंगावर उडवलं. दुसऱ्या दिवशी त्याला ढाळ लागली. आपल्या पोटाची आठवण होऊन तिनं भुकटी कमी केली, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज त्यात मिसळली, चिमूटभर मीठ टाकलं. ढाळ थांबली. आठवड्याभरात वासरू तिच्या बोटांना असं ओढायला लागलं की नखांच्या मुळाशी ठणकायचं. त्याची जीभ खरखरीत होती आणि तोंड गरम होतं. वर्षभरात तिला दुसऱ्या कोणाच्या अंगाची ऊब लागली असेल तर ती ही. तिला बरं वाटलं, पण ते आवडून घ्यायची तिला भीती वाटली.

वासराला डबा चार दिवस पुरायचा. फळीवरची रांग भराभर कमी व्हायला लागली. नऊ राहिले, सात राहिले. गोऱ्ह्याच्या मानेवर मांस चढलं, पाठीवरचा केस चमकायला लागला. तांड्यातले गडी येऊन त्याचे खूर पाहायचे, छाती पाहायचे. खुद्द तांड्याच्या नायकानं येऊन त्याच्या वशिंडाच्या जागी हात फिरवला आणि डोंगरसिंगाला म्हणाला, की असा गोऱ्हा पाच वर्षांत पाहिला नाही. धनीबाई पोरीला कडेवर घेऊन यायची आणि पोरीचा हात त्याच्या नाकाला लावायची. ते ओलं नाक आत्ताच रुपीबाईच्या तळव्यातून निघालेलं असायचं. रामीबाई तर दिवसातून चारदा यायची, त्याच्या गळ्याची पोळी खाजवायची, वेळेवर पाज म्हणून सुनेला बजावायची, आणि मग चार पावलं मागं होऊन तिची भाकर ताटात टाकायची. रुपीबाई हे सगळं पाहायची. कधी तरी ह्यावर हसू येईल असं तिला वाटायचं.

वैशाख संपत आला तेव्हा शेवटचा डबा संपला. तळाला चिकटलेली भुकटी तिनं बोटानं काढली, बोट वासराला दिलं. मग चौदाही डबे राखेनं घासले, धुतले, आणि आंगणात भिंतीशी ओळीनं पालथे मांडले. उन्हात ते इतके चमकत होते की बघणाऱ्याचे डोळे दिपावे. सासूला दिसतील अशा जागी ते आहेत, एवढंच तिनं पाहिलं. तो सबंध दिवस वासराला नुसत्या पेजेवर ठेवलं, आणि ते संध्याकाळपर्यंत हंबरत राहिलं.

रामीबाई दिवस कलताना आली. डब्यांकडे तिनं पाहिलं, एक सुलटा करून आत पाहिला, पुन्हा पालथा केला. रुपीबाईची छाती धडधडायला लागली होती. किती महिन्यांत ती अशी धडधडली नव्हती.

"पेजेवर नाई जगत थे," रामीबाई म्हणाली. "गवत खाईपर्यंत अजून महिनाभर पाह्यजे. उद्या डोंगर तुले पुसदले नेते. खोकल्याचं सांगजो. रातभर येते म्हनजो. चार डबे तरी भेटन."

"मी बरी हावो, याडी." सासूला ती याडी, म्हणजे आई म्हणायची.

"बरीच हायेस. मले काय दिसत नाई? दवाखान्यात तेवढं सांगाचं."

रुपीबाईनं विचारलं, मग घरात यायचं काय. रामीबाईला हा सवाल जरा अवेळीच वाटला. आणखी डबे येणार आहेत ना, ती म्हणाली. ते सरले की पाहू. आणि वासराच्या मानेवरून हात फिरवून ती घरात गेली.

रुपीबाई उभी होती तिथंच खाली बसली. धडधड थांबली होती. बरीच हायेस, असं सासू आपल्या तोंडानं म्हणाली होती, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. ती आजारी असली तर आडोशात राहणार आणि बरी असली तरी आडोशातच राहणार. जोवर कोणाला तरी डबे हवे आहेत तोवर. हे तिला स्वच्छ कळलं, आणि कळूनही डोळ्यांत पाणी आलं नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत गाडी जुंपली. दवाखान्याच्या पडवीत ही गर्दी होती. डॉक्टर तरुण होता, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, मान वर न करता एकेकाला पुढे बोलवत होता. डोंगरसिंगानं हात जोडून सांगितलं, की खोकला परतला आहे, रात्रभर झोप नाही, दूध मिळालं तर बरं होईल. हे सगळं त्यानं वाटेत पाठ केलं होतं ते दिसत होतं. डॉक्टरनं नळी लावली, पाठीवर चार ठिकाणी टेकवली, लांब श्वास घ्यायला सांगितलं, खोकून दाखवायला सांगितलं. ती खोकली. काट्यावर उभी राहिली. मग डॉक्टरनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिलाच विचारलं, रात्री खोकला येतो का, संध्याकाळी ताप चढतो का.

ह्या सवालांची उत्तरं तिला पुरती ठाऊक होती. आठ महिने दोन्ही बाजूंच्या खाटांवरून तिनं ती ऐकली होती आणि स्वतः दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. नवरा तिच्याकडे डोळे लावून उभा होता. तिला वासराची आठवण झाली, त्याची खरखरीत जीभ आठवली. हो म्हणावं असंही वाटून गेलं.

"नाई," ती म्हणाली. "खोकला नाई. तापबी नाई. मी बरी हावो."

मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. डोंगरसिंग जमिनीकडे पाहायला लागला. डॉक्टर त्याला म्हणाला, की बाईला काहीही झालेलं नाही, दूध आजारी माणसांसाठी असतं. हिला आता घरात सगळ्यांबरोबर जेवू घाला. हे तो चारचौघांत, मोठ्यानं बोलला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या वाटेवर ऊन असं होतं की बैलांच्या तोंडातून फेस गळत होता. डोंगरसिंगानं तिच्यावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. पैनगंगेकडची टेकडी मागं पडेपर्यंत तो बैल हाकत राहिला. मग म्हणाला, "वासरू मरन."

"हाव," ती म्हणाली.

तिला वाईट वाटत होतं. आपण एका मुक्या जिवाच्या तोंडचं काढून घेतलं हे तिला कळत होतं, आणि पुन्हा विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं, हेही कळत होतं. गाडीच्या दांडीला धरून ती बसून राहिली.

आंगणात रामीबाई, धनीबाई आणि आणखी तिघी-चौघी चिंचा फोडत बसल्या होत्या. गाडी थांबली तशी रामीबाई उठून आली आणि गाडीत वाकून पाहिलं. गाडीत पोतं रिकामं पडलेलं होतं. डबे कुठं आहेत, तिनं विचारलं. डोंगरसिंग आधीच उन्हानं आणि अपमानानं तापलेला होता, त्यात ह्या सगळ्या बाया त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हिले काई नाई झालं म्हनते डाक्टर," तो ओरडलाच. "साफ बरी हाये म्हनते. सगळ्यायसंगं जेवू घाला म्हने. कोठून देईन मंग दूध?"

एवढं बोलून त्यानं जू खाली टाकलं आणि बैल सोडायला लागला. धनीबाईचा चिंचेवरचा दगड हातातच राहिला. आपल्या तोंडून काय निघून गेलं हे त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं बैलाच्या गळ्यातलं दावं दोनदा सोडलं आणि दोनदा बांधलं. पण बायांनी ते ऐकलं होतं. नवऱ्यानं, चार जणींत, मोठ्यानं सांगितलं होतं.

रुपीबाई गाडीतून उतरली. रांजणापाशी गेली आणि डोक्यावरून तीन लोटे पाणी ओतलं. ओल्या अंगानंच आडोशात जाऊन फेटियाचा ओला घागरा बदलला. मग आंगणातून, बायांच्या समोरून, घरात गेली. रामीबाई दारात आली होती. तिनं तोंड उघडलं, मागं बसलेल्या बायांकडे पाहिलं आणि मिटलं.

चूल तीच होती, डावीकडचा दगड जरा खचलेला. रुपीबाईनं तिला हात लावला. ज्वारीचं पीठ काठवटीत घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली. हात थांबले नाहीत, त्यांना सगळं येत होतं. गोवऱ्या तिनंच थापलेल्या होत्या, त्या चटकन पेटल्या. ह्या दिवशी आपल्याला रडू कोसळेल असं तिला इतके महिने वाटत होतं. धुरानं डोळे चुरचुरले, तेवढंच. पहिली भाकर फुगली. डोंगरसिंग हातपाय धुऊन आला आणि नेहमीच्या जागी बसला. ताटात भाकर आली तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग भाकरीकडे पाहिलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. त्यानं तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावत राहिला. थोड्या वेळानं त्यानं मीठ मागितलं. तिनं उठून दिलं.

कोठ्यात वासरू हंबरत होतं. आवाज चिरका झाला होता आणि त्यात खंड नव्हता. रामीबाईनं कोपऱ्यातलं पेजेचं पातेलं उचललं आणि बाहेर गेली. आतून ऐकू येत होतं, ती त्याला चुचकारत होती, मग रागावत होती, मग पुन्हा चुचकारत होती. पातेलं दगडावर आपटल्याचा आवाज झाला. हंबरणं चालूच राहिलं.

रामीबाई दारात येऊन उभी राहिली. पेज तिच्या फेटियावर सांडली होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं पिठानं बरबटलेली होती. ती आत आली नाही.

"माह्या हातचं नाई घेत थे," ती म्हणाली. "तू चाल."

रुपीबाईनं मागं वळून पाहिलं नाही. "तव्यावर भाकर हाये," ती म्हणाली, आणि पाण्याचा हात फिरवून तिनं भाकर उलटली.